विझवायला सोपी बॅटरी

दाजी, तुमची बॅटरी पोलीस ठाण्यात एका खाकी पाकिटात पडून होती. पंचनाम्यात लिहिलंय, सायकलच्या हँडलला रबरी पट्टीने बांधलेली एक लहान टॉर्च मिळाली, ती बंद स्थितीत होती. एवढ्या एका ओळीवरून पंधरा दिवस गावात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, दूध केंद्राचे सचिव एवढे शहाणे, पण बिनदिव्याचे निघाले आणि स्वतःच्या चुकीने गेले. दुसरा म्हणतो, मेव्हण्याच्या दुकानातली बॅटरी ऐनवेळी बंद पडली. तो मेव्हणा म्हणजे मी. कळंबला माझ्या दुकानात येऊन दोन जणांनी मला तोंडावर विचारलं, की सुधाकर, असला माल का ठेवतोस?

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. बॅटरी चांगली होती आणि तुम्ही ती लावूनच निघाला होता. ओढ्याच्या अलीकडे तुम्ही ती हाताने बंद केलीत. का केलीत ते मला माहीत आहे, आणि ते चारचौघांत सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगत बसलोय. गावाचं नाव लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, बाकी कुणाला कळायची गरज नाही.

दिवाळीनंतर तुमची शुगर निघाली तेव्हापासून हे सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. तुम्ही म्हणालात, "रिकामं चालणं आपल्याला जमायचं न्हाय. लोकांना वाटंल सचिवाला काम उरलं न्हाय." मग मोटारसायकल मुलाला, अक्षयला दिली, धाराशिवला कॉलेजला जायला, आणि माडीवरची जुनी सायकल खाली काढलीत. घरापासून फाट्यावरच्या केंद्रापर्यंत चार किलोमीटर. पाचला केंद्र उघडायचं म्हणजे साडेचारला घर सोडायचं. हिवाळ्यात तेव्हा मिट्ट काळोख असतो. म्हणून तुम्ही माझ्या दुकानात आलात आणि काउंटरवर हात ठेवून म्हणालात, "सुधाकरराव, आमाला एक बारकी बॅटरी द्या. सायकलीला बसंल अशी."

मला काय, हौसच. पंधरा वर्षं बॅटऱ्या विकतोय, पण असं विचारून घेणारं गिऱ्हाईक कधी भेटतं? मी तुम्हाला सगळं शास्त्र सांगितलं. डब्यावर उजेडाचे म्हणून लुमेनचे मोठमोठे आकडे छापलेले असतात त्यांच्यावर जाऊ नका. लांब झोत पाडणारी वेगळी, पसरट उजेड देणारी वेगळी. जड घेतली तर खड्ड्यात खाली वाकते आणि चाकालाच उजेड दाखवते. आत सेल सैल असला तर धक्क्याला मिचमिचते. तुम्ही फॅट काढताना दुधाकडे बघता तसे एक डोळा बारीक करून ऐकत होतात. मी दुकानातली सगळ्यात महागाची दिली, पाच तऱ्हेने लागणारी. तुमच्याकडून कमी घ्यायचंच होतं, म्हणून म्हटलं चांगली तरी देऊ.

आठ दिवसांत ती परत आली. "हिला बंद करायला पाच येळा दाबावं लागतंय," तुम्ही म्हणालात. "मोठी, मधली, बारीक, मग झिगझिग करती. वरातीत नाचत चालल्यावानी वाटतं मला."

मी हसलो. दुसरी दिली, काच पुढेमागे करायची. तीही परत. "ह्या बॅटरीत लांबचं लिंबाचं झाड दिसतंय, पर चाकाफुडचा दगड दिसत न्हाय. आन् बटण लई कडक हाय." पहिल्या तक्रारीत तथ्य होतं, मी मान्य केलं. बटणाचं मला काही कळलं नाही. लावली की अर्ध्या तासाने बंद करायची, त्यात कडक काय नि मऊ काय?

तिसऱ्या वेळी तुम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढायला लावलंत आणि आतल्या अंधारात स्टुलावर बसून एकेक बॅटरी हातात घेतलीत. त्यातली एक तळहातात मावेल एवढी होती, हलकी, पसरट उजेडाची, मागे एकच बटण. एकदा दाबलं की लागायची, परत दाबलं की बंद. तुम्ही भिंतीवरचा उजेड बघतच नव्हतात. डोळे मिटून अंगठ्याने बटण शोधत होतात. लाव, विझव, लाव, विझव. वीस-पंचवीस वेळा तरी केलंत.

"दाजी," मी म्हटलं, "लोक लावायला बॅटरी घेतात, तुम्ही विझवायला घेताय."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "तसंच समजा."

मी जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली आणि बाहेर सायकलवर ती कशी आवळायची ते दाखवलं. तुम्ही लगेच अंगठा नेऊन बघितलात, हँडलवरचा हात न काढता बटण दाबता येतं का ते. येत होतं. इतके खूश झालात की मला समोरच्या हॉटेलात भजी खाऊ घातलीत, स्वतःला तेलकट बंद असताना. त्यातली निम्मी तुम्हीच खाल्लीत, आणि मी ताईला सांगितलं नाही, एवढं माझं तुमच्यावर उपकारांचं ओझं.

तुम्ही ती बॅटरी का मागितलीत हे मला पौषात कळलं. ताईकडे मुक्कामाला आलो होतो. पहाटे तुमच्याबरोबर अक्षयची सायकल काढली, म्हटलं बघू तरी आपला माल रस्त्यावर कसा चालतो. उजेड छान पडत होता. दोन्ही बाजूंची चाकोरी दिसत होती, मधला मुरूम दिसत होता, मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटत होतो. गावाची वेस गेली. ओढ्याच्या अलीकडे वळण आलं तशी तुम्ही एकदाच घंटी वाजवलीत आणि बॅटरी विझवलीत.

"बंद पडली का?" मी ओरडलो.

"गप. बोलू नका. सरळ माझ्या मागं चला."

चाकाखालचा रस्ता नाहीसा झाला. तुमच्या शर्टाचा पांढुरका ठिपका पुढे हलत होता, मी त्याच्या मागे. उजव्या हाताला, अगदी कडेला, कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. एक खोकली. कुणी उठलं नाही. शंभरेक पावलं असतील. ओढ्याचा पूल लागला आणि तुमची बॅटरी परत लागली.

"दिसलं का काय?" तुम्ही विचारलंत.

"नाही."

"मग झालं तर."

केंद्रावर गेल्यावर चहा करता करता तुम्ही सांगितलंत. गावाच्या कमानीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ असा बोर्ड आहे. घरोघरी संडास आहेत, कागदावर आणि जमिनीवरही. पण पाणीच नाही म्हटल्यावर त्यात कुणी गोवऱ्या भरल्यात, कुणी सरपण. बाया जुन्या जागीच जातात, दिवस उगवायच्या आत, तांब्या घेऊन. गाडीचा उजेड आला की सगळ्या जणी उठून उभ्या राहतात, तोंडावर पदर ओढून, रस्त्याकडे पाठ करून. गाडी गेली की परत बसतात. पुन्हा गाडी, पुन्हा उठा. काही पोरं मुद्दाम हळू जातात.

"म्हाताऱ्या असत्यात त्यात," तुम्ही म्हणालात. "एक तर गुडघे धरून उठती. मी ऊठ-बस बघितली एका दिवशी तुमच्या पहिल्या बॅटरीत. ती झिगझिग करती तशी त्या बिचाऱ्या उभ्या. मला मेल्यावानी झालं. आता एक घंटी म्हंजी मी, हे त्यांना ठावं हाय. घंटी ऐकली की कुणी उठत न्हाय."

तुमचा स्वभावच तसा. दुधात पाणी सापडलं तर केंद्रावर चारचौघांत कधी बोलला नाहीत. बाईला फक्त म्हणायचात, "म्हशीला पाणी जरा कमी पाजा," आणि दुसऱ्या दिवसापासून दूध घट्ट यायचं. बारावीत मी दोनदा आपटलो तेव्हा माझ्या वडिलांसमोर तुम्हीच म्हणाला होतात, की पोराचा हात यंत्रात चालतो, त्याला वायरमनच्या हाताखाली घाला. नापास हा शब्दही तुम्ही काढला नाहीत. माझं दुकान त्या दिवशी उभं राहिलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मेव्हण्या-दाजींत असलं बोलायची पद्धत नाही, थट्टा करायची पद्धत आहे.

पण त्या पहाटे मी तुमच्याशी भांडलो होतो, आणि ते भांडण तसंच राहिलंय. मी म्हटलं, बारीक उजेडाची बॅटरी देतो, दोन पावलांपुरतं दिसेल, कुणावर पडणार नाही. तुम्ही म्हणालात, "उजेड म्हंजी उजेड. बारीक असला तरी त्यांना उठावंच लागतंय." मग उतरून चालत जा, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "चालत गेलो तर त्यांच्याजवळनं जायला लई येळ लागतो. सायकलीवर पटकन सुटतो." प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे उत्तर होतं. रस्ता पाठ आहे म्हणालात, कुठला दगड कुठं आहे ते सांगता येतं म्हणालात.

मग मी चिडून म्हटलं, "दिवा विझवून काय होतंय, दाजी? तुम्ही सचिव आहात, चार माणसं तुमचं ऐकतात. ग्रामसभेत उभे राहा, पाण्याचं बोला. म्हणा की बाया अजून बाहेर जातात."

"कुणाच्या बाया म्हणून सांगू?" तुम्ही म्हणालात. "नावं घ्यायची का त्यांची? उद्या बोर्ड उतरवला तर घरोघरी त्यांनाच शिव्या बसत्याल."

मी म्हटलं, मग असंच चालू द्यायचं का जन्मभर? तेवढ्यात पहिला कॅन आला आणि तुम्ही माप धरलंत. त्यानंतर तो विषय मी दोनदा काढला आणि तुम्ही दोनदा हसण्यावारी नेलात. अजूनही मला वाटतं की माझं बरोबर होतं. तुम्ही असतात तर आज तिसऱ्यांदा काढला असता, आणि तुम्हाला हसू दिलं नसतं.

पाण्याचं मग दुसऱ्याच कुणी बोललं. वैशाखात नळयोजनेचं काम गावात आलं. ज्या नळाने ते संडास चालू झाले असते त्याच नळाचा पाइप टाकायला ठेकेदाराच्या माणसांनी संध्याकाळी ओढ्याच्या अलीकडे रस्ता आडवा खणला. कंबरभर चर. एका बाजूला मुरमाचा ढीग आणि काठावर दोन लोखंडी पाइप. ना दगड रंगवून ठेवले, ना फांदी रोवली, ना दोरी बांधली. सकाळी येऊन बुजवू म्हणून माणसं निघून गेली. त्या दिवशी तुम्ही केंद्रावरून परस्परच पाहुण्यांकडे गेला होतात, रात्री उशिरा दुसऱ्या वाटेने घरी आलात. रस्ता खणलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाठ असलेल्या रस्त्यावर तुम्ही घंटी वाजवलीत आणि दिवा विझवलात.

मला राग येतो, दाजी. ठेकेदारावर येतो, गावावर येतो, पण जास्त तुमच्यावर येतो. आणि मग माझ्यावर. ती पाच वेळा दाबायची बॅटरी मी परत घेतली नसती, हट्टाने तुमच्या गळ्यात मारली असती, तर तुम्ही कंटाळून ती लावलेलीच ठेवली असती. बायका उठल्या असत्या, बसल्या असत्या, त्यांना सवय होती. तुम्ही मात्र आज केंद्रावर दूध मोजत असता. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं हे मी दुकानदारीत शिकलो आणि तुम्ही मागितली तशी नेमकी तुम्हाला दिली.

ताई माझ्याशी बोलत नव्हती. दहाव्याला काकस्पर्शाच्या वेळी मी शेजारी जाऊन उभा राहिलो तर ती सरकली. पहिल्या दिवशी पोलिसांना तिनेच सांगितलं होतं, की घरून आवाज ऐकून ती धावत गेली, आणि बॅटरी भावाच्या दुकानातली होती, बंद पडली असेल. ते ऐकून वाटलं, सांगून टाकावं. पण मग सांगायचं काय? की तिथं बाया बसतात? पोलीस विचारणार, कोण होत्या, बोलवा. गावातली एकही बाई पुढे आली नसती, आणि सरपंचाने बोर्डाकडे बोट दाखवलं असतं.

तेराव्याचं जेवण उठल्यावर मी मागच्या परड्यात हात धुवायला गेलो. ताई तिथं होती, तुमच्या संडासाच्या दाराशी. दाराला बाहेरून कडी, आत गोवऱ्यांची थप्पी. मी तिकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. हिवाळ्यात तुमच्या बोअरला पाणी होतं. चैत्रापासून बोअर आटलं होतं.

"ताई," मी म्हटलं, "घरापासून ओढा एवढा लांब. तुला आवाज कसा ऐकू गेला?"

तिने कडीला हात लावला आणि तसाच ठेवला. "मी तिथंच होते, सुधा," ती म्हणाली. "घंटी ऐकली. म्हटलं आले. कुणी उठलं न्हाय. चर खणलाय ह्ये आमाला कुणाला ठावं न्हवतं. उजेड गेला आन् मग लोखंडावर काहीतरी आपटलं. सायकलीचं चाक फिरत व्हतं, त्याचा आवाज येत व्हता. बायका पळाल्या. त्यांना काय म्हणू? दुसऱ्या कुणाचा माणूस असता तर मी बी पळाले असते. मी चरात उतरले. डोकं मांडीवर घेतलं. तांब्यात व्हतं तेवढं पाणी तोंडावर मारलं त्यांच्या."

"काही बोलले का?"

"न्हाय. मीच बोलत व्हते. गडी माणसं आली तवा म्हटलं, घरनं आवाज ऐकून आले. तांब्या मुरमात पुरला."

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बॅटरीवर ढकललं मी. कुणावर तरी ढकलायचं व्हतं. त्यांना येडं ठरवू का? बायांना उघडं पाडू का? तू घरचा हाईस. तू सोसशील वाटलं."

दाजी, मला त्या क्षणी तिचा राग यायला हवा होता. आला नाही. चैत्रापासून तुम्ही दिवा विझवायचात त्या अंधारात माझी बहीणही बसलेली असायची आणि तुम्ही हे मला कधी कळू दिलं नाहीत. मी मात्र तेव्हाही तुम्हाला ग्रामसभेत नावं घ्यायला सांगत होतो.

परवा जमादार पुरवणी जबाब घ्यायला घरी आले. ओसरीवर सतरंजी टाकली होती. सरपंच आले होते, ठेकेदाराचा माणूसही येऊन बसला होता. त्याला तेवढंच लिहून हवं होतं, सायकलस्वार बिनदिव्याचा होता. अक्षय माझ्या शेजारी होता आणि ताई आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. जमादारांनी ते खाकी पाकीट काढलं आणि मला विचारलं, "ही तुमच्या दुकानातली का?"

"हो," मी म्हटलं. "माझ्याच दुकानातली. दाजी रोज दिवा लावूनच निघायचे, सगळ्या गावाला माहीत आहे. हिच्या बटणात दोष होता. त्यांनी मला सांगितलं होतं. मी बदलून दिली नाही. लिहा तसं. आणि रस्ता खणून उघडा टाकला होता, तेही लिहा."

अक्षयने माझ्याकडे बघितलं. जमादारांनी बॅटरी पाकिटातून बाहेर काढली, उलटीपालटी केली आणि अंगठ्याने बटण दाबलं. लागली. भर दुपारीसुद्धा सतरंजीवर तिचा स्वच्छ गोल उजेड पडला.

"चालू हाय की सायेब!" ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

जमादार निवृत्तीला आलेले, याच भागातले. त्यांनी एकदा सतरंजीवरच्या उजेडाकडे बघितलं, मग मान वर करून दारातल्या ताईकडे बघितलं, आणि तिने पदर पुढे ओढला. त्यांनी बॅटरी विझवली. मग त्यांनी मलाच हळू आवाजात विचारलं, "मधीच जाती का ही?"

"हो साहेब," मी म्हटलं. "मधेच जाते."

त्यांनी लिहून घेतलं. मी वाचून खाली सही केली. ताई दारातून आत गेली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.